अन्यायाचे निदान

आपल्या व्यवसायबंधूंच्या संमेलनात, शाखेच्या बैठकीत किंवा दोन वैद्य सहज एकत्र आले असता जे शब्द हटकून उच्चारले जातात, त्यांत 'अन्याय' हा शब्द अग्रभागी असतो. वेतनात अन्याय, नेमणुकीत अन्याय, शासकीय योजनांत अन्याय, वृत्तपत्रांत अन्याय. यांपैकी पुष्कळ तक्रारी खऱ्या आहेत. परंतु अतिवापराने या शब्दाची धार गेली आहे. रोग्याने 'मला वात झाला' असे दहा वेळा सांगितले म्हणून वैद्य तेवढ्यावर चिकित्सा ठरवीत नाही. हेतू, लक्षणे, संप्राप्ती पाहूनच तो निर्णय घेतो. 'आमच्यावर अन्याय झाला' या वाक्याचेही तसेच निदान करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम व्यवच्छेदक निदान. प्रत्येक दुःख हे अन्याय नसते आणि प्रत्येक तोटाही अन्याय नसतो. अवर्षणाने पीक बुडाले तर शेतकरी कपाळाला हात लावतो. ती आपत्ती होय. पण शेजारच्या गावाला नुकसानभरपाई मिळाली आणि आपल्या गावाचा पंचनामाच झाला नाही, असे त्याला कळते तेव्हा त्याच बुडालेल्या पिकाचे दुःख निराळे रूप धारण करते. बुडालेले पीक तेवढेच आहे. बदलले आहे ते एवढेच की, आता त्या दुःखात कोणाचा तरी निर्णय मिसळला आहे, त्या निर्णयाचे कारण त्याला कोणी सांगितलेले नाही आणि त्याचे म्हणणे कोणी ऐकलेले नाही.

आपल्या भाषेत 'न्याय' हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. कोर्टात मिळतो तो न्याय. आणि पदार्थविज्ञान शिकताना प्रत्येक विद्यार्थी ज्या दर्शनाचा अभ्यास करतो तेही न्यायच. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द या प्रमाणांनी एखादी गोष्ट सिद्ध कशी करावी, हे सांगणारे ते शास्त्र. एकाच शब्दात निवाडा आणि युक्तिवाद एकत्र नांदावेत, यात मोठा अर्थ भरला आहे. ज्या निर्णयामागे प्रमाण आहे, ज्याचे कारण संबंधिताला सांगता येते आणि ज्याला त्याच्या शंकेचे उत्तर देता येते, तो निर्णय कटू असला तरी न्यायाच्या कक्षेत राहतो. जेथे कारण नाही, किंवा एकाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरे, तेथे अन्याय सुरू होतो. 'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा' या आपल्या जुन्या म्हणीत हे सारे चार शब्दांत आलेले आहे. म्हणून अन्यायाची तक्रार ऐकताना तीन प्रश्न विचारावेत, असे माझे मत आहे. माप दोघांना एकच होते काय? कारण सांगितले गेले काय? आणि म्हणणे ऐकून घेतले गेले काय?

या कसोटीवर आपली सर्वांत मोठी तक्रार घासून पाहू. दि. २६ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरात राज्यातील आयुर्वेद वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या वेतनासंबंधी निर्णय दिला. एम.बी.बी.एस. पदवीधारक अधिकाऱ्यांच्या बरोबरीने वेतन मिळण्याचा त्यांचा हक्क गुजरात उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मान्य केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. तो निर्णय आपल्यांपैकी अनेकांच्या जिव्हारी लागला. त्याआधी दि. ३ ऑगस्ट २०२१ रोजी त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने दिल्लीतील महापालिकेच्या आयुष वैद्यांच्या बाबतीत, उपचाराची पद्धत भिन्न असली तरी दोघेही रुग्णसेवाच करतात, असे म्हणून निवृत्तीच्या वयात भेद करण्यास नकार दिला होता. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये निवृत्तिवयाचा हा प्रश्न न्यायालयाने अधिक मोठ्या पीठाकडे सोपविला. म्हणजे बरोबरीचा प्रश्न कोणत्या मापाने मोजावा, याविषयी खुद्द न्यायासनालाही पुन्हा विचार करावासा वाटला.

२०२३ च्या निर्णयावर आपल्याकडे जी चर्चा झाली, तीत बहुधा एकच सूर होता : आयुर्वेदाला कमी लेखले. परंतु निर्णय वाचला असता असे दिसते की, एक वैद्यक दुसऱ्याहून श्रेष्ठ आहे असे आपले म्हणणे नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केलेले आहे. त्याचा मुद्दा कामाचा होता. आकस्मिक सेवा व अपघाती रुग्णांवरील उपचार, गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांत साहाय्य, शवविच्छेदन, शहरांतील सार्वजनिक रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतील गर्दी, ही कामे दोघांकडे सारखी नाहीत; म्हणून 'समान कामाला समान वेतन' हे तत्त्व येथे लागू होत नाही, असा तो युक्तिवाद आहे. तो आपल्याला पटो वा न पटो, कारण मात्र सांगितले गेले आहे. आणि कारण सांगितले की त्याला उत्तर देता येते.

उत्तर असे आहे. 'समान कामाला समान वेतन' हे तत्त्व राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ मध्ये आहे, आणि १९८२ साली दिल्ली पोलीस दलातील एका वाहनचालकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याला प्रत्यक्ष बळ दिले. २०१६ मध्ये पंजाबातील तात्पुरत्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात हे तत्त्व हंगामी नोकरांनाही लागू पडते, असे ठरले. या साऱ्यांत माप आहे ते प्रत्यक्ष कामाचे. मग तेच माप महाराष्ट्रातील दुर्गम प्राथमिक आरोग्य केंद्राला लावून पाहावे. येथे एम.बी.बी.एस. अधिकारी गट 'अ' मध्ये आणि आयुर्वेद पदवीधर अधिकारी गट 'ब' मध्ये मोडतो. गट 'अ' चे पद रिक्त असते तेव्हा सर्पदंश झालेला रुग्ण त्या केंद्रात यायचा थांबत नाही, आणि अडलेली बाळंतीणही उंबरठ्यावर पदवी विचारीत नाही. नवसंजीवनी योजनेतील भरारी पथकांत आदिवासी पाड्यांवर फिरणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांत आयुर्वेद पदवीधरांचा भरणा मोठा. त्यांना शासकीय भाषेत 'मानसेवी' म्हणतात आणि त्यांना मिळते ते 'मानधन'. शब्दांत मान पुष्कळ आहे. पण वेतनश्रेणी, सेवेची शाश्वती आणि निवृत्तिवेतन यांची उणीव त्या मानाने भरून निघत नाही. गोड शब्दांच्या वेष्टनात कडू द्रव्य देण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. मात्र आपण ती रोग्याच्या हितासाठी वापरतो.

तेव्हा आपली मागणी 'आम्हीही डॉक्टर, म्हणून आम्हाला सारखे द्या' अशी नसावी. 'आमचे काम मोजा, आणि जेथे ते सारखे भरेल तेथे सारखे द्या' अशी असावी. हे म्हणणे अधिक न्याय्य आहे, आणि अधिक अवघडही. काम मोजायचे तर त्याची नोंद हवी. किती प्रसूती, किती आकस्मिक रुग्ण, किती रात्री एकट्याने, किती रुग्ण कोणत्या अवस्थेत पुढे पाठविले, याच्या तारीखवार नोंदी ज्या अधिकाऱ्याजवळ आहेत, त्याचा युक्तिवाद कोणाला सहज मोडता येणार नाही. आणि एक गोष्ट स्वीकारावी लागेल : जेथे काम खरोखर सारखे नाही, तेथे वेतनातील फरकाला अन्याय म्हणता येणार नाही. मापाची मागणी करणाऱ्याने मापाचा निकालही मान्य केला पाहिजे.

येथवर अन्यायाच्या अर्थाचा विचार झाला. आता अनुभवाचा. अन्यायाचा अनुभव केवळ मनात राहत नाही, शरीरात उतरतो, हे वैद्याला निराळे सांगावयास नको. चरकांनी अग्र्यसंग्रहात रोग वाढविणाऱ्या भावांत विषादाला अग्रस्थान दिले आहे. हृद्रोगाच्या हेतूंत चिंता, भय आणि त्रास यांची गणना केली आहे. आधुनिक संशोधनही याच दिशेने गेले आहे. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा 'व्हाइटहॉल' या नावाने प्रसिद्ध असलेला दीर्घकालीन अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला. त्यातील सहा हजारांवर पुरुष कर्मचाऱ्यांविषयीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. कामाच्या ठिकाणी न्यायाने वागविले जाते असा ज्यांचा अनुभव होता, त्यांच्यात हृद्धमनीविकाराचे प्रमाण इतरांहून सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आढळले. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल ही कारणे हिशेबात घेऊनही हा फरक टिकला. त्याहून उद्बोधक आहेत ते विचारलेले प्रश्न. वरिष्ठ तुमची अडचण ऐकून घेतात काय? पुरेशी व सुसंगत माहिती देतात काय? विनाकारण दोष देतात काय? कामाचे कौतुक करतात काय? पगार किती, हा प्रश्न त्यांत नव्हता.

आपल्या चिकित्सालयात येणारे अम्लपित्त, अनिद्रा, शिरःशूल यांचे रुग्ण आठवून पाहावेत. त्यांतील कितीतरी जण आहारविहाराचे पथ्य काटेकोर पाळूनही सुधारत नाहीत, कारण हेतू निराळाच असतो. त्यात एक प्रसंग वारंवार येतो. विवाहाला सहा-सात वर्षे झालेली स्त्री सासूबरोबर किंवा एकटीच वंध्यत्वाच्या चिकित्सेसाठी येते. हातात तपासण्यांची जाड फाइल असते. त्या फाइलमध्ये पतीची एकही तपासणी नसते. सुश्रुतांनी गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज या चारांची आवश्यकता सांगितली आहे. आणि बीज म्हणजे केवळ स्त्रीचे नव्हे, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. तरीही दोष तिच्या माथी आधी मारला जातो आणि कारण नंतर शोधले जाते. कित्येकदा शोधलेही जात नाही. पतीला बोलावून त्याची तपासणी केल्याशिवाय तिला फलघृत लिहून देणारा वैद्य नुसते अपुरे निदान करीत नाही. तो त्या घरातील निवाड्यावर शिक्कामोर्तब करतो. येथे माप एक नाही, कारण नाही आणि तिचे म्हणणे ऐकणारा कोणी नाही. तिन्ही लक्षणे पूर्ण आहेत. अशा वेळी चिठ्ठीवर पहिली ओळ पतीच्या वीर्यतपासणीची असावी. ती शास्त्राचीच मागणी आहे. न्याय तिच्यातून आपोआप होतो.

आता या लेखाचा अप्रिय भाग. तीच कसोटी आपल्याला इतरांनी लावली तर?

अमेरिकेत १९९५ मध्ये हळदीच्या व्रणरोपण गुणावर एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले, तेव्हा आपल्या देशात संतापाची लाट उसळली. आजीच्या डब्यातील हळद दुसऱ्याने आपल्या नावावर कशी केली, हा प्रश्न प्रत्येकाला कळत होता. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. आपण त्याला न्याय म्हटले, आणि तो न्यायच होता. ज्याचे ज्ञान त्याला श्रेय, हे ते माप.

तेच माप आता आपल्या देशातील अरण्याला लावावे. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की, औषधींची नावे आणि रूपे अरण्यातील अजपाल, मेंढपाळ, गुराखी व इतर वनवासी जाणतात. नामरूपाच्या ज्ञानाने कोणी वैद्य होत नाही, योग जाणणाराच तत्त्वज्ञ, हेही तेथेच सांगितले आहे. परंतु पहिल्या पायरीचे श्रेय संहिताकारांनी दडविले नाही. आज त्या गुराख्याच्या वाट्याला काय येते? १९८७ मध्ये केरळातील अगस्त्य पर्वतात शास्त्रज्ञांच्या तुकडीला वाट दाखविणाऱ्या काणी जमातीच्या लोकांनी, ज्याने थकवा येत नाही असे 'आरोग्यपच्चा' नावाच्या वनस्पतीचे फळ दाखविले. त्यावर संशोधन होऊन 'जीवनी' हे औषध तयार झाले. १९९५ मध्ये त्याचे उत्पादन कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीकडे दहा लाख रुपये शुल्क आणि दोन टक्के स्वामित्वधन या अटींवर देण्यात आले, आणि संशोधन संस्थेने त्या रकमेचा निम्मा वाटा काणींना देण्याचे ठरविले. १९९७ मध्ये त्यासाठी काणींचा न्यास नोंदला गेला. या व्यवहारातही पुढे अडचणी आल्या. पण ज्याने दाखविले त्याला वाटा, हे तत्त्व कागदावर उतरले. त्या वेळी देशात तसा कायदाही नव्हता.

कायदा २००२ मध्ये झाला. जैवविविधता कायद्याने जैविक संपत्तीच्या व्यापारी वापरातील लाभाचे न्याय्य वाटप व्हावे, असे ठरविले. डिसेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात, भारतीय कंपन्यांनाही हे बंधन लागू आहे, असा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान, लागवडीखालील औषधी वनस्पती आणि नोंदणीकृत आयुष व्यावसायिक यांना त्या बंधनातून सूट देण्यात आली. आपल्या वर्गात या दुरुस्तीचे स्वागत झाले. गावातील वैद्याला परवान्याच्या कटकटीतून मोकळे ठेवावे, हे रास्तच आहे. स्वतःच्या रुग्णापुरता काढा करणारा वैद्य म्हणजे व्यापारी नव्हे. परंतु संहिताबद्ध ज्ञानाची सूट घेताना एक प्रश्न उरतोच. संहितेत ते ज्ञान ज्यांच्याकडून आले, ते अजूनही अरण्यात आहेत आणि अजूनही गुळवेल, हिरडा, बेहडा तेच गोळा करून आणतात. कायद्याने सूट दिली म्हणून ऋण फिटत नाही. हळदीच्या वेळी आपण ज्या मापाने मोजले, त्याच मापाने मोजले तर कातकरी, ठाकर, गोंड आणि कोरकू यांचे आपल्याकडे काही येणे निघते, हे मान्य करावे लागेल. वाटा मागताना 'ज्ञान आमचे' आणि वाटा देताना 'ज्ञान संहितेतले', हा युक्तिवाद न्यायदर्शनाच्या कोणत्याही प्रमाणात बसत नाही.

अरण्य दूर राहिले. आपल्या दारात पाहू. चरकांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. त्यांतील उपस्थाता म्हणजे आजच्या पंचकर्म केंद्रात दिवसभर स्नेहन-स्वेदन करणारा तरुण किंवा तरुणी. पंचकर्माच्या कीर्तीचा मोठा भाग त्या हातांवर उभा आहे. त्यांच्या नेमणुकीचे पत्र किती केंद्रांत दिले जाते? साप्ताहिक सुट्टी, आजारपणाची रजा, वेतनवाढीचा नियम लिहिलेला आहे काय? आपल्याच रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या नवपदवीधर वैद्याला किती मिळते, आणि ते तेवढेच का, हे त्याला कोणी सांगितले आहे काय? ज्या तीन प्रश्नांची उत्तरे आपण शासनाकडे मागतो, तेच प्रश्न तो आपल्याला विचारू शकतो. त्याने विचारले नाहीत याचा अर्थ त्याला पडलेले नाहीत असा नव्हे. बळी तो कान पिळी, हा न्याय शासनदरबारी आपल्याला खुपतो. आपल्या केंद्रात बळी कोण, एवढे पाहावे.

कोणी म्हणेल, 'आमच्यावरचा अन्याय दूर होऊ द्या, मग खालच्यांचे पाहू.' या आक्षेपात तथ्य आहे. तुटपुंज्या उत्पन्नावर चालणाऱ्या लहान चिकित्सालयाला मोठ्या रुग्णालयासारखे वेतन देणे शक्य नाही. परंतु कारण सांगणे, ऐकून घेणे आणि नियम सर्वांना सारखा लावणे याला द्रव्य लागत नाही. आणि व्हाइटहॉलच्या अभ्यासाने ज्याचा संबंध हृदयाच्या आरोग्याशी जोडला, ते हेच आहे.

विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाचा अध्याय या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. काम्पिल्य नगरीजवळ गंगातीरी आत्रेयांनी अग्निवेशाला सांगितले की, वायू, जल, देश आणि काल बिघडले म्हणजे भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी रोगाने नष्ट होतात. आणि या बिघाडाचे मूळ अधर्मात, अधर्माचे मूळ प्रज्ञापराधात असते. देश, नगर आणि जनपद यांचे प्रमुख प्रजेशी अधर्माने वागू लागले म्हणजे त्यांचे आश्रित, आश्रितांचे आश्रित, नागरिक आणि व्यापारी तो अधर्म वाढवीत नेतात. या क्रमात कोणीही केवळ पीडित नाही. वरून आलेला अन्याय प्रत्येक जण खालच्याकडे सरकवितो. तो एखाद्या पायरीवर थांबवावयाचा असेल तर कोणीतरी तो स्वतःपाशी अडविला पाहिजे.

म्हणून या नियतकालिकाच्या वाचकांपुढे दोन सूचना ठेवतो. पहिली संघटनेसाठी : वेतनाचा प्रश्न पुन्हा मांडताना निषेधाच्या ठरावाऐवजी, ग्रामीण व आदिवासी भागांत काम करणाऱ्या सभासदांच्या प्रत्यक्ष कामाच्या नोंदींचे संकलन हाती घ्यावे, आणि शासनाशी, तसेच एम.बी.बी.एस. सहकाऱ्यांच्या संघटनांशी, चरकांनी सांगितलेल्या संधाय संभाषेच्या वृत्तीने बोलावे. दुसरी प्रत्येक सभासदासाठी : आपल्या केंद्रातील प्रत्येक साहाय्यकाला लेखी नेमणूकपत्र द्यावे, त्यात वेतन आणि वाढीचा नियम नमूद करावा; आणि वनौषधी घेताना व्यापाऱ्याला एवढे विचारावे की ती कोणी गोळा केली आणि त्याला किलोमागे काय दिले. ठाणे जिल्ह्यातील शहापूर परिसरात कातकरी तरुणांनी वनधन केंद्राच्या आधाराने गुळवेल थेट औषध कंपन्यांना विकून दाखविली आहे. तेव्हा अशी खरेदी अशक्य आहे, असे म्हणता येणार नाही.

शासनाकडून येणाऱ्या उत्तराला किती काळ लागेल ते आपल्या हाती नाही. नेमणूकपत्र लिहावयास मात्र अर्धा तास पुरतो. पुढील अंकापर्यंत तीन महिने आहेत. तेवढ्या अवधीत आपल्यांपैकी कितींनी ते लिहिले, हे वाचावयास मला आवडेल.